संगणकाला नावे ठेवण्याआधी फाइलीला नाव नीट ठेवावे

१/
कल, कला, काल, काला, कळ, कळा, काळ, काळा. मराठीतले हे आठ शब्द. यांतील कोणतेही दोन शब्द मराठी वाचकाला एकच वाटणार नाहीत. हीच आठ नावे रोमन लिपीत देऊन आठ फाइली लिनक्स संगणकावर ठेवल्या, तर आठही सुखरूप राहतात. तोच फोल्डर विंडोज संगणकावर उतरवला, की त्यांतली एकच फाइल उरू शकते. उरलेल्या सात कुठे गेल्या आणि त्याला जबाबदार कोण, याचा हा धागा. जुने कागद स्कॅन करून साठवणाऱ्या प्रत्येक इतिहासप्रेमीने तो शेवटपर्यंत वाचावा.

२/
आधी यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे. मराठी शब्द साध्या रोमन कळफलकावर अचूक उतरवायचे, तर अक्षरे अपुरी पडतात. त्यावर अभ्यासकांनी कॅपिटल अक्षरांना कामाला लावले. हार्वर्ड-क्योतो पद्धत आणि अविनाश चोपडे यांची आयट्रान्स पद्धत या दोन्हींत स्मॉल डी म्हणजे द, कॅपिटल डी म्हणजे ड. स्मॉल एन म्हणजे न, कॅपिटल एन म्हणजे ण. आयट्रान्समध्ये कॅपिटल ए म्हणजे आ आणि कॅपिटल एल म्हणजे ळ. मजकूर लिहिण्यासाठी ही युक्ती उत्तम. वरच्या आठही शब्दांत के, ए, एल, ए हीच चार अक्षरे तीच राहतात; बदलते ते केवळ त्यांचे कॅपिटल वा स्मॉल असणे.

३/
विंडोज फाइलीचे नाव दिले तसे जपून ठेवते, पण दोन नावांची तुलना करताना कॅपिटल-स्मॉल हा भेद सहसा मानत नाही. त्यामुळे दुसरी फाइल आली, की ती पहिलीच फाइल आहे असे समजले जाते. हाताने नक्कल करताना निदान प्रश्न तरी विचारला जातो. दोनशे फाइलींच्या रांगेत मनुष्य ‘सर्वांसाठी होय’ दाबून मोकळा होतो. झिप उघडताना किंवा आपोआप नक्कल करणाऱ्या आज्ञावलीत कधी तो प्रश्नही येत नाही. काला काळावर बसतो, आणि कोणतीही घंटा वाजत नाही.

४/
आता हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावर आणून पाहावा. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातील जुने कागद कोणी विषयवार लावले आणि आयट्रान्सने नावे दिली, अशी कल्पना करावी. खाडीचे कागद आणि खादीचे कागद यांत फरक एका डीचा. माळजमिनीचे ‘माळ’ आणि बंदरात उतरलेला ‘माल’ यांत फरक एका एलचा. नावेची नाळ आणि घोड्याचा नाल, भरतीची वेळ आणि मांडवावरचा वेल, यांचीही तीच गत. ज्या प्रदेशाचे अर्धे आयुष्य खाडी, माळ आणि माल या शब्दांत गेले, तिथे हा अपवाद नव्हे, नियम ठरेल.

५/
अशी हानी झाली, की दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, विंडोज आळशी आहे. दोन वेगळी अक्षरे तिला वेगळी ओळखता येत नाहीत. दुसरा म्हणतो, लिनक्स आडमुठे आहे. माणसाला जे नाव एकच वाटते त्याची ते दोन करते. दोन्ही पक्ष संगणकाला नावे ठेवतात. या धाग्याचे म्हणणे असे, की दोष तिसऱ्याचाच आहे: ज्याने फाइलीचे नाव ठेवले त्याचा. आणि हे म्हणणे सिद्ध करायला इतिहास पुरेसा आहे, कारण हा भेद निसर्गदत्त नाही. तो कुठून आला याची नोंद आहे.

६/
इंग्रजीत या दोन अक्षररूपांना ‘अप्पर केस’ आणि ‘लोअर केस’ म्हणतात, ते खिळे जुळवणाऱ्यांच्या पेट्यांवरून. वरच्या पेटीत मोठे खिळे, खालच्या पेटीत लहान. देवनागरीला अशी दोन रूपे नाहीत, मोडीलाही नाहीत. महाराष्ट्राच्या दफ्तरांत शतकानुशतके नावे लिहिली गेली, पण त्यांत विशेषनाम मोठ्या अक्षराने सुरू करण्याचा प्रश्न कधी उद्भवला नाही. मराठीपुरता हा संपूर्ण वाद उसना आहे. उसन्या वस्तूवर आपले मौल्यवान सामान टांगताना तिची खुंटी किती भक्कम आहे, हे आधी पाहायला हवे होते.

७/
खुंटी भक्कम नव्हतीच. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आस्की या संकेतमालेत स्मॉल अक्षरे नव्हती. ती १९६७च्या आवृत्तीत आली. त्या काळातील लोकप्रिय टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र केवळ कॅपिटल अक्षरे छापत असे. पुढे स्मॉल अक्षरांना जागा मिळाली ती कॅपिटलपासून बरोबर ३२ घरे दूर: कॅपिटल ए ६५, स्मॉल ए ९७. दोघांत एका बिटाचा फरक. एका पिढीच्या यंत्रांना जे अक्षर छापताच येत नव्हते, त्याच्या आधारावर पुढच्या पिढीने फाइलींची ओळख ठरवली.

८/
मग वाटा फुटल्या. १९६९पासून बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्सने नाव म्हणजे केवळ बाइटींची माळ मानली. ६५ आणि ९७ वेगळे, म्हणून नावेही वेगळी. लिनक्सने १९९१पासून तीच परंपरा चालवली. दुसरीकडे १९७४ साली गॅरी किल्डल यांनी घडवलेल्या सीपी/एममध्ये, आणि १९८१च्या एमएस-डॉसमध्ये, नावे कॅपिटल अक्षरांतच साठवली जात: आठ अक्षरे नावाला, तीन प्रकाराला. मॅकिंटॉशने तिसरी वाट धरली. रूप जपायचे, पण तुलनेत भेद मानायचा नाही. विंडोजही पुढे त्याच वाटेने गेली. मॅक आणि विंडोज आजही बहुतांशी तिथेच आहेत.

९/
म्हणजे यांतील कोणतीही रीत सत्याच्या शोधातून निघालेली नाही. एकीने सोपेपणा पाहिला, दुसरीने जुन्या यंत्रांशी जुळवून घेतले, तिसरीने कार्यालयात बसणाऱ्या माणसाची सवय ओळखली. तिन्हींना आपापल्या जागी कारण होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही: शुहूर सन, शालिवाहन शक, राज्याभिषेक शक आणि इसवी सन एकाच वेळी चालत होते. त्यांतला खरा सन कोणता, असे कोणी विचारत नाही. एकाचा दुसऱ्यात उतारा चुकू नये, एवढेच पाहिले जाते.

१०/
लिनक्स पक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे मात्र मान्य केले पाहिजे. लायनस टोरवाल्ड्स यांनी भेद न मानणाऱ्या फाइल सिस्टीमवर वेळोवेळी कठोर टीका केली आहे, आणि तिला आधार आहे. ‘समान अक्षर’ म्हणजे काय, हे भाषेगणिक बदलते. तुर्की भाषेत आय हे अक्षर टिंबासह आणि टिंबाविना असे दोन प्रकारचे असते, आणि त्यांची कॅपिटल रूपेही वेगळी. मग संगणकाने कोणाचा नियम पाळावा? २०१४च्या डिसेंबरात गिट या प्रणालीत याच फटीतून मोठा धोका उघड झाला: राखीव फोल्डरचेच नाव वेगळ्या कॅपिटल-स्मॉल रूपात देऊन विंडोज आणि मॅकवर परकी आज्ञा चालवणे शक्य होत होते.

११/
दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही पोकळ नाही. दूरध्वनीवर फाइलीचे नाव सांगताना कोणी कॅपिटल-स्मॉल उच्चारत नाही. ग्रंथालयाच्या सूचीत शोधताना कोणी तो भेद करत नाही. एकाच नावाच्या दोन फाइली केवळ एका अक्षराच्या उंचीमुळे वेगळ्या असाव्यात, हे डोळ्याला आणि कानाला न पटणारे आहे. म्हणूनच शेवटी दोघांनाही एकेक पाऊल सरकावे लागले: २०१८ साली विंडोज १०ने ठरावीक फोल्डरपुरता भेद मानण्याची सोय दिली, आणि २०१९ साली लिनक्सने ठरावीक फोल्डरपुरता भेद न मानण्याची.

१२/
पण या तहाने इतिहाससंशोधकाचे काम होत नाही. त्याचा कागद एका संगणकावर राहत नाही. स्कॅन एका यंत्रावर होतो, नक्कल पेन ड्राइव्हवर जाते, तिथून मित्राच्या लॅपटॉपवर, तिथून एखाद्या सर्व्हरवर, आणि वीस वर्षांनी अशा एखाद्या प्रणालीवर जिचे नावही आज ठाऊक नाही. वाटेतल्या एकाच मुक्कामाने भेद मानला नाही, तरी पुरे. साखळीची ताकद जिथे सर्वांत कमकुवत कडी ठरवते, तिथे ‘माझ्या संगणकावर चालते’ हा युक्तिवाद बाद होतो.

१३/
आणि गंमत अशी, की ही शिकवण मराठी दफ्तरदारांना फार पूर्वीपासून होती. मोडी लिपीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नसे. दिन आणि दीन, सुत आणि सूत मोडीत सारखेच दिसत. आजच्या परिभाषेत सांगायचे, तर मोडी ही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न मानणारी प्रणाली होती. त्यावर राज्याचा हिशेब चालला, तह झाले, इनामे दिली गेली. तिथे गोंधळ का झाला नाही? कारण लिहिणाऱ्याने केवळ त्या भेदावर विसंबून काहीच ठेवले नाही. संदर्भ इतका भरघोस दिला, की एक वेलांटी हरवली तरी अर्थ हरवू नये.

१४/
तारखेचेच पाहावे. पत्रात चंद्राची तिथी दिलेली असे, अरबी महिन्याचे नाव असे, आणि शुहूर सन अनेकदा आकड्याऐवजी शब्दांत असे. ‘इसन्ने सबैन व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर आणि हजार: १०७२. आकडा पुसला, वाळवी लागली, शाई फाकली, तरी शब्द सहजासहजी दुसऱ्या शब्दात बदलत नाही. पुढचा वाचणारा कोण असेल, त्याचे डोळे कसे असतील, हे आपल्याला ठाऊक नाही, या जाणिवेने ही रीत घातली गेली. फाइलीचे नाव ठेवताना नेमकी हीच जाणीव सुटते.

१५/
साठवणीचेही तसेच. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद कापडी रुमालांत बांधलेले, आणि रुमालांना क्रमांक. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३०च्या दशकात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्या अफाट पसाऱ्यात वाट सापडते ती रुमालाच्या क्रमांकाने. कागदात काय आहे हे सूचीत लिहिले जाते; रुमालावर निबंध लिहिला जात नाही. आज मात्र फाइलीच्या नावातच विषय, गाव, व्यक्ती, लिप्यंतर आणि अचूक उच्चार असे सगळे कोंबण्याची हौस आहे. रुमालाला सूचीचे काम दिले, की दोन्ही कामे बिघडतात.

१६/
कोणी म्हणेल, जुन्या दफ्तरांची गोष्ट वेगळी, संगणकाची वेगळी. तर मग रायगडच्या किनाऱ्यावरचाच एक जिवंत दाखला घ्यावा. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, हे स्पष्ट झाले. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडचे अलिबाग निवडले. चुंबकीय परिणाम न करणाऱ्या साहित्याची इमारत उभी राहिली, आणि १९०४पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. त्या आजही चालू आहेत.

१७/
येथे मूस यांनी केलेली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जुने ठिकाण एका रात्रीत बंद केले गेले नाही. १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी जोडता यावा. स्थलांतरात भेद पडणारच, हे गृहीत धरून त्याची तजवीज आधी केली गेली. दोन प्रणालींमध्ये सामान हलवताना काय करावे, याचा याहून चांगला धडा दुसरा नाही.

१८/
अशा काळजीचे फळ केव्हा मिळेल हे सांगता येत नाही. सप्टेंबर १८५९मध्ये सूर्यावरून उठलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्याच्या वहीत झाली होती. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासाने ती पुढे आणली: क्षैतिज घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट. उपग्रह आणि वीजजाळ्यांना असे वादळ काय करू शकते, याच्या चर्चेत तो आकडा आज जगभर येतो. १४४ वर्षांनी ते पान सापडले आणि वाचता आले. कोणत्या तारखेचे, कोणत्या जागेचे पान, याबद्दल संदेह नव्हता, म्हणूनच त्याला किंमत आली.

१९/
आता अलिबागच्या आजच्या संगणकीय नोंदींची नावे पाहावीत. वेधशाळेचा आंतरराष्ट्रीय संकेत तीन अक्षरांचा: ए, बी, जी. जगातील वेधशाळांनी स्वीकारलेल्या आयएजीए-२००२ या रचनेत फाइलीचे नाव असे बनते: स्मॉल अक्षरांत संकेत, मग आठ आकड्यांत वर्ष-महिना-दिवस, मग नोंद तात्पुरती की अंतिम हे सांगणारे एक अक्षर, मग ती मिनिटाची की तासाची. फाइल उघडली, की आतल्या शीर्षकात ठिकाणाचे पूर्ण नाव आणि तोच संकेत कॅपिटल अक्षरांत. म्हणजे रुमालावर क्रमांक, आत सूची. कोणत्याही संगणकावर न्या, दोन दिवसांच्या नोंदी एकमेकींवर बसत नाहीत.

२०/
यावर पहिला आक्षेप स्वाभिमानाचा: रोमन नावांचा हा सगळा खटाटोप सोडावा, फाइलींना देवनागरी नावे द्यावीत, तिथे कॅपिटल नाही, स्मॉल नाही. हे आकर्षक आहे, पण अपुरे आहे. ‘किनाऱ्यावरील’ या शब्दातला ऱ्या तीन तऱ्हांनी टंकता येतो: ऱ या स्वतंत्र अक्षराने, र खाली नुक्ता देऊन, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्याला तिन्ही सारखे. संगणकाच्या पोटात तीन वेगळ्या माळा. मॅकची जुनी फाइल सिस्टीम पहिल्या दोन रूपांना एकच मानी; लिनक्स सहसा वेगळी मानते. एक खड्डा चुकवून दुसऱ्यात पाय.

२१/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: रूक्ष संकेत दिले, तर मराठी नाव मरते. पण नाव कुठे जगते? सतराव्या शतकातील इंग्रजी कागदांत खांदेरीचे केनेरी झाले आणि उंदेरीचे हेनेरी. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तट बांधायला घेतला, त्या संघर्षाचा बराच तपशील याच वेड्यावाकड्या नावांखाली सुरक्षित आहे. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. त्याआधीचे सारे कागद जुन्याच नावाने आहेत. नावाचा मान सूचीत राखावा: खरे देवनागरी नाव, जुनी रूपे, परकी रूपे, सगळे तिथे. वेष्टनावरच्या चिठ्ठीकडून त्या मानाची अपेक्षा करू नये.

२२/
या रीतीची किंमतही सांगितली पाहिजे. सूची हरवली, तर नुसते क्रमांक मुके होतात. म्हणून नाव अगदीच आंधळे नसावे. संग्रहाचा छोटा संकेत, आठ आकडी तारीख आणि अनुक्रमांक एवढे असले, तरी सूची पुन्हा उभी करता येते. दुसरे, जुन्या फाइलींची नावे बदलली, की त्यांचा हवाला देणारी टिपणे तुटतात. म्हणून जुने नाव सूचीत नोंदवल्याशिवाय नवे देऊ नये. थोडे श्रम वाढतात, कागद वाचतो.

२३/
तेव्हा नियम थोडेच. नावात स्मॉल रोमन अक्षरे, आकडे आणि आडवी रेघ यांखेरीज काही नसावे. केवळ कॅपिटल-स्मॉलमुळे वेगळी ठरणारी दोन नावे एका फोल्डरात कधीही नसावीत. मराठी नाव आणि अचूक लिप्यंतर सूचीत असावे, आणि सूची साध्या मजकुराच्या फाइलीत, कागदांच्या शेजारीच असावी. स्थलांतर करताना आधी फाइली मोजाव्यात, नंतर पुन्हा मोजाव्यात, आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत जुनी प्रत पुसू नये. कुलाबा आणि अलिबाग दोन वर्षे एकत्र चालले. दोन फोल्डर दोन आठवडे एकत्र राहायला हरकत नसावी.

२४/
विंडोज बरोबर की लिनक्स, हा वाद चालू राहील, आणि त्याचा निकाल लागला तरी हरवलेले सात कागद परत येणार नाहीत. जो भेद पुढच्या हातात टिकेल याची खात्री नाही, त्या भेदावर कागदाची ओळख टांगू नये. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला हे कळत होते, अलिबागच्या वेधशाळेच्या नोंदींत हे पाळले जाते. ज्यांच्या फोल्डरात आज काल, काळ आणि काला शेजारी शेजारी बसले आहेत, त्यांनी ते हलवण्याआधी आजच नावे बदलून घ्यावीत.

(धागा समाप्त)